नऊ दिवसांपुरती पिशवी

नव्या फ्लॅटमध्ये कामाला गेलो की मी आधी वर बघतो. लोक फरशी बघतात, किचनचा ओटा बघतात, गॅलरीतून काय दिसतं ते बघतात. मी छत बघतो. माझा धंदा इलेक्ट्रिशियनचा, आणि छताला धुराचा अलार्म असलाच तर त्याच्यावरची टोपी काढली आहे का, हे मला पहिल्यांदा बघायचं असतं. बहुतेक घरांत ती काढलेली नसते. रंगकामाच्या वेळी आत धूळ जाऊ नये म्हणून कंपनी त्याच्यावर प्लास्टिकची टोपी घालून देते. रंग वाळला की ती काढून टाकायची. पण आपल्याकडं नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं म्हणजे लोकांच्या जिवावर येतं. टीव्हीचा रिमोट वर्षानुवर्षं पिशवीतच राहतो. सोफ्याचं प्लास्टिक उन्हाळ्यात मांडीला चिकटलं तरी निघत नाही. मग छतावरच्या टोपीला कोण हात लावतंय? एक साहेब मला म्हणाले, "राहू द्या हो, नवंकोरं दिसतंय." मी म्हटलं, "साहेब, त्याचं नाक बांधलंय. त्याला धूर कळणारच नाही." तर म्हणतात, "मग बरंच आहे की, उगाच वाजणार नाही." घ्या! अशा माणसापुढं डोकं आपटून घेण्यापेक्षा भिंतीवर आपटलेलं बरं.

दुसरे एक जण म्हणाले, पीओपीच्या डिझाइनमध्ये हे गोल डबडं शोभत नाही, आत लपवून टाका. म्हणजे धूर खोलीत आणि अलार्म छताच्या पोटात! तिसऱ्यांच्या घरी वास्तुशांत होती. होमाचा धूर होणार म्हणून अलार्मची वायर कुणीतरी तोडून ठेवली होती. दोन वर्षांनी मी दुसऱ्याच कामाला गेलो, तर तुटलेली वायर तशीच लोंबत होती आणि तिच्यावर कोळ्यानं घर केलं होतं. उंच टॉवरवाल्यांना निदान तपासणीला कुणी येईल अशी धास्ती असते. साध्या चार मजली बिल्डिंगीत, घराच्या आत, तुमच्या झोपायच्या खोलीबाहेर अलार्म आहे का, असं विचारायला माझ्या बघण्यात तरी कुणी आलं नाही. ज्याची त्याची अक्कल. आणि अक्कल काय, बाजारात किलोवर मिळत नाही.

माझी बायको म्हणते, "तुमचा अलार्म सगळ्यांच्या आधी वाजतो." खरंय. मला लवकर राग येतो आणि आलेला राग लवकर जात नाही. पण गिऱ्हाइकांवरचा राग मी दारातून बाहेर पडलो की पानाच्या पिंकेसारखा थुंकून टाकतो. ज्या रागाबद्दल मी सांगतोय तो घरचा आहे, आणि तो अजून गिळला गेलेला नाही.

आमचे आबा, म्हणजे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. गंगापूरच्या स्टँडवर त्यांनी एकदा "ए, बाजूला हो!" म्हटलं की माणसंच काय, शेळ्यासुद्धा बाजूला व्हायच्या. आवाज असा की आईला ते गल्लीच्या तोंडाशी आले की कळायचं, भाकरी तव्यावर टाकायला. रिटायर झाल्यावरही तो आवाज कमी झाला नाही. आई गेली तेव्हा थोडा बसला, मग परत सुटला. अन् दोन वर्षांमागं हिवाळ्यात एका सकाळी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. सगळंच नाही गेलं. एक शब्द उरला. व्हय.

पाणी पाहिजे, तरी व्हय. पाणी नको, तरी व्हय. दुखतंय, व्हय. डास चावतोय, व्हय. टीव्हीवरचा माणूस काही बोलला, त्यालाही व्हय. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बोलण्याची जागा असते तिला मार बसलाय, समजतं सगळं, पण तोंडातून निघतं तेवढंच. आम्ही हळूहळू त्यांच्या स्वरावरून, डोळ्यांवरून अंदाज बांधायला लागलो. निदान बांधायला पाहिजे होता. डावा हात मात्र तसाच राहिला. तो गिअरचा हात. तीस-पस्तीस वर्षं एसटीचे गिअर ओढलेला. मनगट धरलं की सोडवता सोडवत नाही.

आबांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न फार चालला नाही. मी छावणीत बाजारामागं भाड्यानं राहतो, जिना इतका अरुंद आणि उभा की सिलेंडरवाला शिव्या देत वर येतो. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. तो शेंद्र्याला कंपनीत सुपरवायझर, वहिनी खाजगी शाळेत शिकवते. चिकलठाण्याच्या पुढं त्यांचा फ्लॅट. आबा तिकडं गेले. मी दर रविवारी जाऊन त्यांची दाढी करायचो, आंघोळ घालायचो. दादा-वहिनींनी त्यांचं बाकी सगळं केलं, हे मला नाकारायचं नाही. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, अंथरूण स्वच्छ. पण दोघं नोकरीला गेले की दुपारपर्यंत आबा घरात एकटे. आणि दाराला बाहेरून कुलूप.

त्या कुलपानं माझी झोप उडाली. कुलूप लावू नका असं कसं म्हणणार? दार उघडं टाकून पडलेल्या माणसाला सोडून जाणार का कुणी? मग मी माझ्या परीनं जे करता येईल ते केलं. एका रविवारी सामान घेऊन गेलो आणि दिवसभर राबलो. हॉलमध्ये धुराचा एक अलार्म, पंख्याच्या वाऱ्यापासून आणि कोपऱ्यापासून लांब. आबांच्या खोलीत दुसरा. स्वयंपाकघरात धुराचा नाही लावला, तिथं उष्णतेचा लावायचा असतो, नाहीतर मिरचीच्या फोडणीला रोज बोंबलंल. हे सगळे वायरनं एकमेकांना जोडले, म्हणजे एक वाजला की सगळे वाजणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक भोंगा घराबाहेर, जिन्यासमोर, कारण घरात वाजून उपयोग काय? आबा ऐकतील, पण उठतील कसे? ऐकणारा माणूस दाराबाहेर पाहिजे. समोरच्या फ्लॅटमध्ये काकू राहतात, दिवसभर घरी असतात. त्यांच्याकडं दुसरी चावी ठेवली. त्यांनी दाराच्या आतल्या खिळ्याला टांगली आणि म्हणाल्या, "वाजलं की मी उघडते. काळजी करू नको."

मी टेस्टचं बटण दाबलं. अख्खी बिल्डिंग दणाणली. आबा खाटेवर हसत होते, लकव्यानं वाकडं झालेलं हसू, आणि म्हणत होते, "व्हय! व्हय!" तो व्हय मला नीट कळला. नवी गाडी मिळाल्यावर पहिला हॉर्न मारताना त्यांचा चेहरा असाच असायचा.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, अलार्म एकदाही उगाच वाजला नाही. वहिनीनं बेसन जाळलं तरी नाही. महिन्याला एकदा मी टेस्ट करायचो तेवढाच. मग घट बसले.

आमच्याकडं तुळजाभवानीचे घट असतात. मातीत गहू पेरायचे, मधे घट, वरून रोज एक फुलांची माळ सोडायची, आणि शेजारी नंदादीप. तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही. सकाळ-संध्याकाळ आरतीला धुपाटण्यात निखारे घेऊन ऊद घालायचा. ऊद म्हणजे उदबत्ती नव्हे. निखाऱ्यावर मूठभर टाकला की हॉलमध्ये समोरचा माणूस दिसत नाही. पहिल्याच दिवशी आरतीला अलार्म वाजला, त्याचं कामच होतं ते. वरच्या मजल्यावरचे लोक सिलेंडर फुटला समजून अनवाणी खाली पळाले. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या माळेला मी दर्शनाला गेलो. सवयीनं वर बघितलं. हॉलमधल्या अलार्मवर भाजीची पातळ पिशवी ओढून रबर लावलेलं. आबांच्या खोलीत गेलो, तिथल्यावरही तेच, कारण हॉलमधला धूर तिथवर जातो आणि एक वाजला की सगळे वाजतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टूल ओढलं, चढलो आणि दोन्ही पिशव्या फाडून काढल्या. देवीसमोर, प्रसादाचं ताट हातात घेऊन वहिनी बघत राहिली.

"भावजी, अहो नऊ दिवसांपुरती तर आहे," ती म्हणाली.

"त्याच्यावर एक बटण आहे, काठीच्या टोकानं दाबलं तरी थोडा वेळ गप्प बसतं आणि मग आपोआप जागं होतं. दाखवलं होतं मी तुम्हाला."

"आरती लांबली की पुन्हा वाजतं. तुम्हाला काय, तुम्ही रविवारी येऊन जाता. लोकांना तोंड मला द्यावं लागतं."

दादा मधे पडला. "अरे, कशाला सणासुदीला आरडाओरडा करतोस? नऊ दिवस. दसऱ्याला काढू की."

"दादा, वर्षभर तुम्ही कामावर गेल्यावर तुझ्या घरात विस्तव नसतो. गॅससुद्धा तुम्ही बंद करून जाता. हेच नऊ दिवस रात्रंदिवस दिवा जळतो. आणि तू नेमकं याच नऊ दिवसांत त्याचं तोंड बांधतोस? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"देवीच्या दिव्यानं कुणाचं घर जळालंय का आजवर?"

"मग ऊद गॅलरीत घाला."

"देवी हॉलमध्ये आणि ऊद गॅलरीत?" वहिनी म्हणाली. "देवीला काय शेजारीण समजता का?"

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. घट बसले की घर बंद करायचं नाही, घरात कुणीतरी माणूस पाहिजे, असा आमच्याकडं नेम आहे. आई असताना ती नऊ दिवस उंबरा ओलांडायची नाही. मी विचारलं, "तुम्ही दोघं कामावर गेल्यावर घरात कोण?" वहिनी अगदी सहज म्हणाली, "आबा आहेत की."

जो माणूस उजव्या गालावर बसलेली माशी डावा हात वळवून हाकलतो, तो म्हणे दिव्याची राखण करणार. बाहेरून कुलूप, आणि नेमासाठी घर उघडं. देवीला फसवायचं तर निदान जरा हुशारीनं फसवा! मी हे बोललो, मोठ्यानं बोललो, काकूंनी त्यांच्या दारातून डोकावून बघितलं. शेवटी दादा म्हणाला, "बरं बाबा, नाही लावत पिशवी. झालं समाधान?" मी दोन्ही फाटक्या पिशव्या खिशात कोंबून निघालो. जणू त्या घरात दुसऱ्या पिशव्याच नव्हत्या.

सातव्या माळेला दुपारी मी छावणीत एका घरी पंखा चढवत होतो. फोन काकूंचा होता. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "ये लवकर. धूर झालाय. बाहेर काढलंय त्यांना." मी पंखा अर्धवट टांगता सोडून गाडीला किक मारली. जालना रोडला सिग्नल तोडले, एकानं आई-बहिणीवरून शिव्या घातल्या, मी त्याला उलट दोन घातल्या. तेवढंच मोठ्यानं ओरडून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आबा खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या बाजेवर होते. नाकाच्या भोवती काळं, ओठांवर काळं, श्वास शिट्टीसारखा. मला बघून त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं ते अँब्युलन्समध्ये घालेपर्यंत सोडलं नाही. "व्हय," ते म्हणत होते. प्रत्येक श्वासाला. "व्हय. व्हय." मी म्हणालो, "आबा, आलो मी, आलो."

काय झालं ते जळालेल्या खुणांवरून सहज कळत होतं. रोज एक माळ सोडायची, जुनी काढायची नाही. सातव्या दिवसापर्यंत पहिली माळ वाळून पार पाचोळा होते. वहिनीनं शाळेत जाताना दिवा काठोकाठ भरला होता. वाळलेल्या माळेचा दोरा तुटला आणि ती दिव्यावर पडली. त्यातून प्लायवूडचा चौरंग, त्यातून पडदा, पडद्यातून सोफ्याचा फोम. फोम जळाला की जाळापेक्षा धूर जास्त, काळा आणि जड, आणि माणूस मरतो तो त्या धुरानं. जाळ हॉलच्या बाहेर गेलाच नाही. धूर मात्र गेला. आबांच्या उघड्या दारातून आत गेला, पिशवी बांधलेल्या अलार्मखालून, खाटेपर्यंत.

पहिल्या धुराला अलार्म वाजला असता तर समोरच्या खिळ्यावरून चावी निघाली असती, दार उघडलं असतं, एक बादली पाणी पुरलं असतं. सगळं जागेवर होतं. चावी होती. काकू घरात होत्या. बाहेर भोंगा होता, त्याला वीज होती. फक्त त्याला कुणी सांगितलं नाही.

दवाखान्यात काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. पदर तोंडाला लावलेला. म्हणाल्या, "मी मेली दारातच मेथी निवडत बसले होते रे. आबांचा आवाज येत होता. व्हय, व्हय, व्हय. मोठ्यानं. मला वाटलं, टीव्हीशी बोलतायत. रोजच बोलतात ना. मग वाटलं, आज सूनबाई लवकर आली, तिच्याशी काहीतरी चाललंय. दाराखालून धूर आला तेव्हा उठले."

म्हणजे माझा बाप ओरडत होता. धूर दिसला तसा तो ओरडायला लागला होता, गंगापूरच्या स्टँडवर ओरडायचा तसा, उरलेला सगळा जीव लावून. आणि तोंडातून निघत होतं व्हय. जळतंय, वाचवा, दार उघडा, या सगळ्याला त्याच्याकडं तेवढा एकच शब्द होता, आणि तो ऐकून एक भला माणूस पलीकडं निवांत भाजी निवडत होता. काकूंवर मी कसा रागावू? त्यांनीच दार उघडलं. त्या आणि वॉचमन, दोघांनी आबांना चादरीत ओढत लिफ्टपर्यंत आणलं. काकूंच्या हाताची कातडी निघाली होती, तिला त्या हळद लावून बसल्या होत्या.

दादा कंपनीतून तसाच आला, पायात सेफ्टीचे बूट. वहिनी कोपऱ्यात बाकावर बसली होती, मान खाली घालून. मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर दादाची कॉलर धरली. थोरल्या भावाच्या अंगाला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला.

"तू म्हणाला होतास पिशवी लावत नाही!"

त्यानं कॉलर सोडवली नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "आबांना विचारलं होतं रे मी. म्हटलं, आबा, आवाजाचा त्रास होतोय ना, झाकू का? व्हय म्हणाले."

"आबा दुसरं काय म्हणणार, दादा? आबांना विचार, तुम्हाला विहिरीत ढकलू का? काय म्हणतील?"

नर्स आली आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं. ते बरोबर केलं तिनं.

त्यानंतर जे सुरू झालं त्यानं माझा राग विझायचा तो आणखी पेटला. संध्याकाळी आत्याचा, म्हणजे आबांच्या बहिणीचा, गावाहून फोन. पहिला प्रश्न, "दिवा विझला का रं?" मी म्हटलं, "आत्या, आबा ऑक्सिजनवर आहेत." ती म्हणाली, "ते कळलं रं, पण दिवा?" दिवा काकूंनी आणि शेजाऱ्यांनी जाळावर ओतलेल्या बादल्यांनी विझला होता, देव त्यांचं भलं करो. मी फोन ठेवून दिला. मग पाहुणे यायला लागले. जो तो एकच पालुपद घेऊन, देव तारी त्याला कोण मारी. देवीनं राखलं. देवीची कृपा. एक जण तर म्हणाला, बघा, घरात नेम पाळला म्हणून जिवावरचं थोडक्यात निभावलं. मी त्याला चहा आणायला म्हणून बाहेर नेलं आणि जिन्याशी सांगितलं, परत आत येऊ नका. बायको म्हणाली, "अहो, सांत्वनाला आलेत ते." मी म्हटलं, "मग सांत्वन करावं, देवीची वकिली कशाला करतायत?" मी देवीला मानतो. माझ्या गाडीच्या हॅन्डलला तिचा लॉकेटचा फोटो आहे. पण राखलं काकूंनी, आणि देवीनं काय सांगितलं होतं का, की माझ्या दिव्याजवळ एका लुळ्या माणसाला कुलूप लावून ठेवा आणि त्याच्या डोक्यावरचा अलार्म बांधा?

दुसऱ्या दिवशी मी फ्लॅटवर गेलो. हॉल काळाठिक्कर. घटाच्या ओल्या मातीत एका कडेचे गहू मात्र हिरवे राहिले होते, राखेतून वर आलेले. मी वर बघितलं. हॉलच्या अलार्मवर पिशवी वितळून घट्ट बसली होती. आबांच्या खोलीतली पिशवी वितळलेली नव्हती, नुसती काळी झाली होती. माझ्या मनात एक गोष्ट होती आणि ती तपासल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. कदाचित मशीनच बिघडलेलं असेल. बिघडलेलं असलं तर निदान दोष वाटला जाईल. मी आबांच्या खोलीत खुर्चीवर चढलो आणि पिशवीवरूनच बटण दाबलं.

वाजलं. लगेच बाहेरचा भोंगाही वाजला. समोरचं दार धाडकन उघडलं आणि काकू हातात चावी घेऊन बाहेर आल्या. मी दारात येऊन म्हटलं, "काकू, मी आहे. तपासत होतो." त्या चावी मुठीत धरून तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. मशीन ठणठणीत होतं. मी खाली आलो, गाडीवर बसलो आणि बराच वेळ चालू केली नाही.

आबा वाचले. बरेच दिवस काळं थुंकत होते. छाती कायमची अधू झाली. थंडी, धूळ, अत्तर, काही चालत नाही. पण वाचले. दादानं घराला रंग दिला, नवा सोफा घेतला. मी नवे अलार्म लावले, पैसे घेतले नाहीत, बोललोही नाही. वहिनीनं आपण येईपर्यंत आबांजवळ थांबायला एक बाई ठेवली. शाळेतून आली की आता ती आधी आबांच्या खोलीत जाते, चप्पल मग काढते. दादा आणि मी एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. बैल गेला अन् झोपा केला, असं मी त्याला एकदा तोंडावर म्हटलं.

यंदा पुन्हा घट बसले. आत्या मुद्दाम गावाहून आली होती. मागच्या साली दिवा विझला, म्हणून यंदा सगळं तिच्या देखरेखीखाली व्हायचं होतं. आबांना चाकाच्या खुर्चीत हॉलमध्ये आणून बसवलं. मी कोपऱ्यात उभा. आत्यानं धुपाटण्यात निखारे घेतले आणि छताकडं बघून म्हणाली, "ते वाजंल आता. झाका त्याला."

कुणी हललं नाही. आत्या पुन्हा म्हणाली, "आरं, आरतीपुरतं. आरती झाली की काढा. लई अपशकुनी वराडतं म्हणं ते."

मला वाटलं होतं की आता दादा काहीतरी बोलेल. एवढं सगळं भोगल्यावर तरी. पण आत्यापुढं आमच्या घरात कुणी बोललेलं नाही. त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं, मुकाट्यानं स्टूल आणलं, आबांच्या खुर्चीशेजारी ठेवलं. वहिनी म्हणाली, "अहो, नको." एवढंच, हळू. त्याच्या हातात पिशवी होती. माझ्या तोंडात शिवी आली होती, आईशप्पथ, देवीसमोर देणार होतो.

दादा वाकून आबांना म्हणाला, "आबा, आरतीपुरतं झाकतो. चालंल ना?"

"व्हय," आबा म्हणाले.

"बघा," आत्या म्हणाली. "त्यांना बी चालतंय."

दादानं स्टुलावर पाय ठेवला आणि स्टूल हललं. त्यानं खाली बघितलं. आम्हीही बघितलं. आबांनी खुर्चीतून डावीकडं झुकून स्टुलाचा पाय धरला होता. गिअरच्या हातानं. बोटं पांढरी पडली होती.

"आबा, सोडा," दादा म्हणाला. "पडाल."

"व्हय," आबा म्हणाले. सोडलं नाही.

दादा खाली बसला आणि बोटं सोडवायला गेला. एक सुटेना. आबांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. छाती भात्यासारखी चालली होती, तोंड वाकडं झालं होतं, आणि ते त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, "व्हय. व्हय. व्हय." दादानं हातातली पिशवी खाली टाकली आणि स्टुलाशेजारी फरशीवरच बसून राहिला, आबांच्या मुठीवर आपला हात ठेवून.

आत्यानं एकदा छताकडं बघितलं, एकदा आबांच्या मुठीकडं. मग धुपाटणं उचललं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं.